मार्चअखेरचा दगड

इवातेच्या डोंगरातल्या ओनोबे गावात किवा ओरिकासाला तिच्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर गिऱ्हाइकांसाठी ती रफूवाली, शेजाऱ्यांसाठी ओरिकासांच्या घरातली आणि घरात 'ओइ' होऊन राहिली. नवरा शोहेई लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला 'ओइ' म्हणाला. तिनं मान वर केली, म्हणजे काम भागतंय असं त्याला दिसलं आणि काम भागतंय ती वस्तू बदलायची नाही हा त्याचा स्वभाव. ओइ, चहा. ओइ, मोजे. ओइ, छपरावर बर्फ फार झालाय. पाणीपुरवठा विभागात घरोघरी मीटर वाचण्याची नोकरी करणारा माणूस तो, बोलणंही मीटरच्या आकड्यासारखं, लागेल तेवढंच.

नावानं हाक मारणारी ती मिसाओ कोमुकाई. किवाची गुरू. नवरा लढाईवरून परत आला नाही, मूलबाळ नाही, माहेर नाही. पोस्टाशेजारच्या दीड खोलीत बसून तिनं आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली. किमोनोला कसर लागलेली असो की कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक, शिवणीच्या आतला धागा काढायचा, सुईनं उभा-आडवा विणत न्यायचा आणि भोक होतं कुठं हे मालकालाच सापडू नये अशी जागा करायची. मिसाओ-सेन्सेई किवाला म्हणायची, "किवा, रफू दिसली तर गिऱ्हाईक शिव्या देणार. नाही दिसली तर आपल्याला कुणी विचारणार नाही. दोन्हीकडून आपणच मेलो. पण कापड जगतं ना, मग झालं."

ती गेल्यावर दुकान किवाकडे आलं. देवळामागच्या उतारावरचं तिचं थडगंही किवाच्याच वाट्याला आलं, म्हणजे घासायला. ऑबोनला, म्हणजे पितरांच्या सणाला, आणि दोन्ही विषुवदिनांना ती बादली-घासणी घेऊन जायची आणि शेवाळ काढून यायची.

शोहेईला आयुष्यात एकच नाद होता, आणि तो महागडा नव्हता म्हणून किवानं चालवून घेतला. मागच्या अंगणात त्यानं लाकडी खोपटं बांधलं होतं, त्यात स्वतः घासून केलेल्या आरशाची दुर्बीण. तो आभाळाच्या एकाच तुकड्याचे तासाच्या अंतरानं दोन फोटो घ्यायचा, न्हाणीघरात धुवायचा (त्या दिवशी आंघोळीला सुट्टी), आणि रविवारी त्या दोन फिल्मा एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी ठेवून दोन भिंगांतून दोन डोळ्यांनी बघत बसायचा. तारे जागचे हलत नाहीत. मधल्या तासात जो ठिपका सरकला, तो भिंगांतून वर उचलल्यासारखा दिसतो; तो तारा नव्हे, लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये असले लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यातला अजून कुणी न पाहिलेला एक तरी आपल्याला सापडावा, एवढीच त्याची इच्छा. दोन वर्षं शोधून त्याला धुळीचे कण सापडले, ठसे सापडले, एकदा स्वतःच्या भुवईचा केस सापडला.

अठ्ठ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी तो पेटीवर डोकं ठेवून झोपी गेला. किवा त्याच्या अंगावर रजई टाकायला आली, डोकं बाजूला सरकवलं आणि सहज भिंगांना डोळे लावले.

"अहो, हा एक ठिपका वर का उचललाय?"

"धूळ असेल," शोहेई झोपेतच म्हणाला.

"धूळ अशी नसते. सगळं विणकाम खाली सपाट आहे आणि हा एवढाच धागा वर आलाय."

तीस वर्षं कापडातली खोड शोधलेले डोळे ते. शोहेई उठला. त्यानं बघितलं, पुन्हा बघितलं, फिल्मा पुसल्या, भिंगं पुसली, चष्मा पुसला. मग तो गुडघ्यांवर बसला. शेवटी म्हणाला, "ओइ. हा नवीन निघाला तर नाव तू ठेवायचं."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला दिलेला हा पहिलाच शब्द. तो पाळायची त्याला घाई नव्हती, कारण लघुग्रहाचं नाव ठेवणं हे बारसं नव्हे की बारा दिवसांत उरकलं. आधी त्याचा मार्ग पक्का ठरावा लागतो. हा दगड सोळा-एक महिन्यांनी एकदा पृथ्वीच्या समोर यायचा, तेव्हा त्याला पकडून जागा मोजायची, परदेशी कळवायची, पुन्हा सोळा महिने वाट बघायची. अशा चार फेऱ्या झाल्या. फोटो शोहेईनं काढले, मोजमापं किवानं घेतली. सुईवर बसलेला हात, केसाच्या दहाव्या हिश्श्यालाही चुकत नव्हता. कागदावर शोधक म्हणून शोहेईचं नाव गेलं. किवाला त्याचं काही वाटलं नाही. रफूवर सही कोण करतं?

चौथ्या फेरीच्या साली देवळामागच्या उतारावर पाट्या लागल्या. 'या थडग्याच्या नातलगांनी एका वर्षाच्या आत देवळाशी संपर्क साधावा, अन्यथा जागा मोकळी केली जाईल.' देवळात येणाऱ्या मोटारी उभ्या करायला जागा पुरत नव्हती आणि मेलेल्यांना मोटारी नसतात. किवा हातातली बादली तशीच घेऊन भिक्षूंकडे गेली.

"तुम्ही त्यांच्या कोण?" भिक्षूंनी विचारलं.

"शिष्या."

"म्हणजे रक्ताचं नातं नाही. दत्तक?"

"नाही. पण मी भरते ना वर्षाची वर्गणी. बारा वर्षं थडगं मीच घासतेय."

"तुमची भक्ती मोठी," भिक्षू गोड हसले, "पण वहीत नातं लिहावं लागतं. नातंच नाही तर मी काय लिहू?"

वर्ष सरल्यावर मिसाओचं थडगं इतर चाळीस बेवारशी थडग्यांबरोबर उचललं गेलं. दगड देवळाच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ढीग केला, तांदळाच्या मोची-वड्या रचाव्यात तसा, आणि मोकळ्या जागेवर डांबर पडलं. त्या संध्याकाळी किवानं घरी येऊन हात धुतले आणि ती म्हणाली, "अहो, त्याचं नाव मिसाओ." शोहेईनं मान हलवली. आता या बाईचं नाव जगात कुठं राहायचं असेल तर आभाळातल्या त्या एका दगडावर, हे दोघांनाही कळलं होतं.

पुढच्याच महिन्यात दगडाला अधिकृत क्रमांक मिळाला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्या चार ओळी नाश्त्याच्या वेळी नगराध्यक्ष नुमामियांच्या वाचनात आल्या.

इतकी वर्षं मागच्या अंगणातल्या त्या खोपट्याकडे 'ओरिकासाचं कोंबड्यांचं खुराडं' म्हणून बोट दाखवणाऱ्या गावाला एका आठवड्यात विज्ञानाचं भरतं आलं. अकरा जणांची नामकरण समिती बसली. तिच्यात नगराध्यक्ष, नियोजन विभागाचे प्रमुख चिदा, शाळेचे मुख्याध्यापक, लोणचं सहकारी संघाचे अध्यक्ष, आणि 'नावं टिकवण्याचा अनुभव' म्हणून देवळाचे भिक्षू. दगडाच्या घरीच बैठक व्हावी म्हणून समिती ओरिकासांच्या आठ चटयांच्या खोलीत जमली. चहा किवानं दिला. असा चहा तिनं त्या हिवाळ्यात सहा बैठकांना दिला.

"प्रथम आकार," नगराध्यक्ष म्हणाले. "आपल्या गावापेक्षा मोठा आहे ना?"

"साडेसात किलोमीटर असेल," शोहेई म्हणाला, "नाहीतर पंधरा."

"असेल म्हणजे? मोजला नाही?"

"नुसता उजेड दिसतो. दगड फिकट असेल तर तेवढा उजेड द्यायला लहान पुरतो. कोळशासारखा काळा असेल तर मोठा लागतो. फिकट की काळा ते कळलेलं नाही."

"पंधरा लिहा," नगराध्यक्ष चिदांना म्हणाले.

"आणि फिरतो कसा?" लोणचं संघानं विचारलं.

"सव्वाचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी. मार्ग थोडा लांबट. पृथ्वीच्या मार्गाशी अकरा अंशांनी तिरका."

"तिरका?" चिदा हळूच म्हणाले. "मग नावाला धोका नाही ना? लोक म्हणतील, गाव तिरकं चालतं."

"ते लोक आत्ताही म्हणतात," मुख्याध्यापक म्हणाले. समितीत तेवढे एकच गृहस्थ इंग्रजी वाचू शकत आणि तेवढे एकच खरं बोलत, त्यामुळे त्यांना कोपऱ्यात बसवलं होतं.

नावांची यादी निघाली. पहिलं नाव चिदांनी सुचवलं, नगराध्यक्षांचं. नगराध्यक्षांनी तीनदा नको नको केलं आणि चौथ्यांदा घसा साफ केला. मुख्याध्यापकांनी नियम वाचून दाखवला: राजकारणी माणसाचं नाव द्यायचं तर त्याला मरून शंभर वर्षं व्हावी लागतात. नगराध्यक्षांनी वयाचा हिशेब करून माघार घेतली. मग गावच्या मुळ्याच्या लोणच्याचं नाव आलं, ते व्यापारी म्हणून बाद झालं. शाळेतल्या मुलांचा कौल घेतला होता, त्यात चौकातल्या मिठाईवाल्याचा कुत्रा प्रचंड मतांनी निवडून आला होता. पाळीव प्राण्यांची नावंही नकोत असं नियमात निघालं. ते एक नाव गेल्याचं मात्र सगळ्यांनाच वाईट वाटलं.

"मग राहिलं गावाचं नाव," भिक्षू डोळे मिटून म्हणाले. "माणसं जातात. गाव राहतं. ओनोबे हे नाव अक्षय आहे."

"ओरिकासा-कुन," नगराध्यक्ष शोहेईकडे वळले, "तुमचं मत अर्थातच हेच असणार."

शोहेई अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेचा नोकर. त्यानं चटईला कपाळ लावलं. "होय."

किवानं रिकामे पेले तबकात गोळा केले. पाहुणे गेल्यावर ती पेले विसळत पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही मला शब्द दिला होतात."

शोहेई चूल उगाच ढवळत राहिला. "नगराध्यक्ष आहेत ते," एवढंच म्हणाला.

किवाला त्या रात्री नवऱ्याचा राग आला आणि राग येण्याइतकी आशा आपण धरली होती, याचा त्याहून जास्त राग आला.

नावाचा अर्ज त्यानं स्वतः भरला. शब्दकोश उघडून, पेन्सिल चाटत, तीन रविवार घालवून रोमन अक्षरांत काहीतरी लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि म्हणाला, "ओइ, पोस्टात टाक." पोस्ट दुकानाला लागूनच. किवाला रोमन अक्षरं येत नव्हती, आकडे तेवढे येत. तीन दिवस ते पाकीट तिच्या दोऱ्यांच्या खणात पडून होतं. शेगडी शेजारीच होती. गावाचं नाव जळायला कितीसा वेळ लागला असता? पण लोकांचं कापड रागाच्या भरात कापायचं नाही हे मिसाओनंच तिला शिकवलेलं. चौथ्या दिवशी तिनं तिकीट चिकटवलं आणि मिसाओचं नाव जगातून पुसायचं पाकीट स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं.

इकडे नगरपालिकेत वेगळीच घाई सुटली होती. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात 'स्मारकशिला, एक' मंजूर झाली होती आणि मंजूर झालेली रक्कम एकतीस मार्चपर्यंत खर्ची पडली नाही तर पुढच्या वर्षी कापली जाते. नावावर परदेशातल्या तज्ज्ञांनी शिक्कामोर्तब करायला अजून दोन-तीन महिने होते. "त्यांचं वर्ष मार्चला संपत नाही हो," चिदा कळवळून सांगत, "त्यांना काय सुतक!" बाजारात तुरी म्हणतात ती गत. पण अठ्ठावीस वर्षं 'होय' म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा विचारून खात्री करावी, हे ओनोबेत कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. तसा संशय घेणं म्हणजे त्याचा अपमान.

एकोणतीस मार्चला नगरपालिकेसमोर माणसाहून उंच काळा दगड उभा राहिला. त्यावर 'लघुग्रह ओनोबे', खाली 'व्यास पंधरा किलोमीटर', आणि त्याखाली नगराध्यक्षांचं नाव, किंचित मोठ्या अक्षरांत. अनावरणापर्यंत झाकायला लाल-पांढरा पडदा काढला, तर त्याला उंदरानं कुरतडलेलं भोक. तो रफूला किवाकडे आला. तिनं भोक असं बुजवलं की चिदांना ते दाखवून द्यावं लागलं. "काय हात आहे हो तुमचा, ओकुसान!" कुणाच्याही बायकोला म्हणतात तसं चिदा म्हणाले. "काही दिसतच नाही."

"तसंच असतं ते," किवा म्हणाली.

जूनमध्ये परदेशातून पाकीट आलं. नगराध्यक्षांना नाट्याची हौस; पाकीट मंचावर, सगळ्यांदेखत उघडायचं ठरलं. बँडवाले आले, लोणचं संघानं 'लघुग्रह ओनोबे' छापलेल्या पिशव्या वाटल्या. शोहेई मंचाच्या कडेच्या खुर्चीवर लग्नातल्या कोटात बसला होता. किवा खाली चहाच्या टेबलामागे उभी होती. नगराध्यक्षांनी पडद्याची दोरी हातात घेतली आणि मुख्याध्यापकांना खूण केली.

मुख्याध्यापकांनी पान उघडलं, मनातल्या मनात वाचलं, चष्मा काढला, घातला आणि मोठ्यानं एकेक ओळ सांगू लागले.

"मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला लघुग्रह. शोध, शोहेई ओरिकासा. नाव..." ते थांबले. "नाव, मिसाओ."

दोरी नगराध्यक्षांच्या हातात तशीच राहिली.

"मिसाओ कोमुकाई यांच्या स्मरणार्थ. इवातेच्या डोंगरात त्यांनी पन्नास वर्षं लोकांची फाटकी वस्त्रं न दिसेल अशी सांधली. फिल्मवर हा ग्रह सर्वांत आधी ज्या डोळ्यांना दिसला, ते डोळे त्यांनी घडवले. नाव सुचवलं, किवा ओरिकासा यांनी."

बँडवाल्यांतल्या कुणाला तरी वाटलं संपलं, त्यानं झांज एकदा वाजवली.

"किवा?" नगराध्यक्ष चिदांच्या कानाशी लागले, पण समोर ध्वनिक्षेपक होता, साऱ्या चौकाला ऐकू गेलं. "ही किवा कोण?"

चिदांना माहीत नव्हतं. लोणचं संघाला माहीत नव्हतं. भिक्षूंनी डोळे मिटले. तीनशे माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर तिनं बुजवलेली भोकं होती. चहाची किटली धरलेली किवा जागची हलली नाही. 'मी' म्हणायचंही तिला सुचलं नाही, कारण इतक्या वर्षांत ती हाक तिच्या कानावर पडली नव्हती.

शोहेई उठला. आधी नगराध्यक्षांपुढे वाकला, इतका की लग्नातला कोट पाठीत उसवला. मग टेबलाकडे हात करून म्हणाला, "ती. किवा. माझी बायको." आणि जणू मीटरचा आकडा सांगून झाला, तसा खाली बसला.

किवा रडली. तिथंच, उभ्यानं, किटली हातात धरून, आणि तिनं डोळे पुसले ते लोणचं संघाच्या पिशवीला.

पडदा त्या दिवशी उघडला नाही. दोरी अडकली असं जाहीर झालं. तीन आठवड्यांनी एका सकाळी तो दगड फिरवून त्याचं तोंड मागच्या टेकाडाकडे केलेलं दिसलं. पुढून काळा कुळकुळीत, कोरा. शोहेईला कुणी रागावलं नाही. त्याला फक्त डोंगरातल्या सगळ्यात लांबच्या वाडीचे मीटर मिळाले. घरी आल्यावर किवानं विचारलं होतं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"शब्द दिला होता ना," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "ओइ, हा कोट जरा बघ." पुन्हा कधी त्यानं तिला नावानं हाक मारली नाही. त्याच्या हिशेबानं काम भागलं होतं.

बारा वर्षांनी सरकारनं तीन गावं जोडून एक शहर केलं आणि ओनोबे हे अक्षय नाव एका रात्रीत गेलं. शाळेवरून, बसथांब्यावरून, पत्त्यांतून, सगळ्या पाट्यांवरून पुसलं. फक्त टेकाडाकडे तोंड केलेल्या त्या दगडावर ते राहिलं, कारण पुसायला गेलेल्या माणसांना तो कोरा वाटला.

नव्या शहराला प्रेक्षणीय स्थळं हवी होती. पर्यटन विभागाचा एक तरतरीत अधिकारी सदुसष्ट वर्षांच्या किवाला देवळात घेऊन गेला; तिनं सवयीनं बादली-घासणी बरोबर घेतली. भिक्षू आता काठी टेकत चालत होते. "आकाशातल्या मिसाओ-सानचं थडगं आपल्याच आवारात आहे, हे आमचं भाग्य," ते म्हणाले, आणि दगडांच्या ढिगाकडे बघून अडखळले. "फक्त यातलं कुठलं, तेवढं..."

किवानं एका नजरेत ओळखलं. खालून तिसऱ्या रांगेत, डाव्या कडेला केसाएवढी चीर असलेला. बारा वर्षं घासलेला दगड तो. पण तिनं बोट दाखवलं नाही. "राहू द्या त्यांना बाकीच्यांबरोबर. त्यांच्या जागेवर मोटारी उभ्या असतात आणि सेन्सेई आता तिकडं वर फिरतात, सव्वाचार वर्षांची फेरी. तिथं कुणी पाटी लावत नाही."

"पण थडग्याच्या नोंदीचा अर्ज भरावा लागेल, आजी," अधिकारी फळीवर कागद लावत म्हणाला. "माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं? हा रकाना रिकामा चालत नाही. तुम्ही त्यांच्या कोण?"

भिक्षूंनी नजर दुसरीकडे वळवली.

"लिही," किवा म्हणाली. "त्या मला किवा म्हणायच्या."

"हे रकान्यात बसणार नाही, आजी."

"मग रकाना वाढव," ती म्हणाली, आणि बादलीत घासणी बुडवून ढिगातला पहिला दगड घासायला बसली.